टीसीएम गेलाय म्हणतात, ८७ हजार मागतात. खरंच बदलावा लागेल का?

वळणदार | २९ जुलै २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर फक्त वाचत होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय. तेव्हा टोमणे आधीच मान्य.

रविवारी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. आई, बायको, दोन पोरं आणि आत्याकडे पोचवायचं सामान. खंबाटकीचा घाट चढताना गाडीनं एकदम गचका दिला. डॅशबोर्डवरचा 'डी' गायब, गिअरची खूण लुकलुकायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं गुरगुरतंय, गाडी काही ओढत नाही. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. कसाबसा वर पोचलो, गाडी बाजूला घेऊन बंद केली. आईनं डब्यातले लाडू काढले. दहा मिनिटांनी चालू केली तर काही झालंच नाही अशा थाटात साताऱ्यापर्यंत गेली. संध्याकाळी बोगद्यातून परत आलो, तेव्हाही ठणठणीत.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावला, दोन कोड निघाले: पी०७०० आणि यू०१०१. दहा मिनिटांत निकाल: "सर, टीसीएम गेलाय, बदलावा लागेल." कोटेशन: पार्ट ६८,५००, त्यावर २८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७,६८०. मजुरी आणि प्रोग्रामिंग वेगळं.

गाडी २०१६ ची, पेट्रोल, साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला सहा गिअरचा ऑटोमॅटिक, ८४ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा दुसरीकडेच जाईल. टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सचा कंप्यूटर एवढंच मला कळतं. बदलू का?

कट्ट्यावरचा | २९ जुलै, रात्री ११:०२

म्हणून सांगत असतो, मॅन्युअल घ्या. माझी २००९ ची गाडी, आजवर एकदा क्लच प्लेट. विषय संपला.

फुकटसल्ला | २९ जुलै, रात्री ११:१५

दहा मिनिटं विश्रांती दिली की नीट चालते म्हणता. टीसीएम सरकारी खात्यातून आलेला दिसतोय. चहाची वेळ पाळा.

@कट्ट्यावरचा, तुमच्या क्लच प्लेटची गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे.

वायरमन_सांगली | ३० जुलै, सकाळी ६:५०

वळणदार, थांबा. अजून कुणाला एक रुपया देऊ नका.

बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. टीसीएम खराब होत नाही असं नाही, होतो. पण माझ्याकडे "टीसीएम गेला" म्हणून येणाऱ्या गाड्यांत आधी बॅटरी, अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनसची वायर) आणि कपलर (वायरींचा खटक्याचा जोड) बघावे लागतात, आणि बऱ्याचदा काम तिथंच संपतं.

तुमचे कोड काय म्हणतात बघा. यू०१०१ म्हणजे "टीसीएमशी संपर्क तुटला". हे टीसीएम स्वतः सांगत नाही, इंजिनाचा कंप्यूटर सांगतो. एखाद्याला फोन लागत नाही म्हणून तो माणूस मेला असं आपण धरत नाही. चार्जिंग संपलं असेल, रेंज नसेल. तसंच इथं.

दुसरी गंमत पी०७०० मध्ये आहे. हा कोड इंजिनाच्या कंप्यूटरमध्ये नोंदला जातो, पण निरोप टीसीएमचा असतो: "माझ्याकडे काहीतरी बिघडलंय, तू दिवा लाव." मेलेला माणूस निरोप धाडत नाही. म्हणजे तुमचा टीसीएम कधी बोलतोय, कधी गप्प बसतोय. असल्या ये-जा करणाऱ्या दोषात पार्ट बदलून बघणं म्हणजे जुगार.

आणि घाटात गाडी मेंगळटली, ते गिअरबॉक्सनं स्वतःला वाचवलं. सोलेनॉइडचा, म्हणजे गिअरबॉक्समधलं तेल वळवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा, करंट गेला की तेलाच्या दाबावर एक ठरावीक गिअर पडतो, बहुतेक गाड्यांत तिसरा किंवा चौथा. चढावर तिसऱ्या गिअरनं जी दशा होते ती तुम्ही बघितलीत.

आता करा असं. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, त्या क्षणी आकडा १० च्या खाली घसरला तर आधी बॅटरीचा विचार करा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

मग अर्थ. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी टीसीएमच्या अर्थच्या वायरवर, आणि स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब. हे माप कुणी घेत नाही, कारण स्कॅनरवर ते दिसत नाही.

नंतर टीसीएमचा सप्लाय. इथं मीटरवर विसंबू नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघा. लख्ख पेटला तर वायर धड. मिणमिणला तर तुमचे ८७ हजार वाचले.

शेवटी, बॅटरी काढून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅनच्या, म्हणजे गाडीतले कंप्यूटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. काही गाड्यांत मध्ये गेटवे (निरोप इकडून तिकडे देणारा वेगळा कंप्यूटर) असतो, तिथं हे गणित चालत नाही.

वळणदार | ३० जुलै, दुपारी १:२०

काका, प्रिंट काढून घेतलाय. माझ्याकडे ७०० रुपयांचा ब्लूटूथ डोंगल आहे, त्यावर काही कळेल का? मी लावला तर तेच दोन कोड दिसले, जास्त काही नाही.

वायरमन_सांगली | ३० जुलै, रात्री ९:१०

तो डोंगल आणि त्यावरचं फुकट अॅप बहुधा इंजिनाशीच बोलतं. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग यांच्या दारात ते जात नाही. पूर्ण सिस्टिम वाचणारा स्कॅनर लागतो. जवळच्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो, पाचशे-हजारात वाचून देतो. आणि कोड पुसायच्या आधी फोटो काढा. पुसल्यावर सगळे विचारतात, आधी काय होतं.

दर्यावर्दी | ३० जुलै, रात्री ९:४५

वेंगुर्ल्यातून. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे कपलर उघडला की आत हिरवी पावडर ठरलेली. पिना डोळ्यांना चकचकीत दिसतात, कपलरच्या मागे जिथं वायर पिनेत दाबलेली असते तिथं तांबं कुजलेलं असतं. हलक्या हातानं एकेक वायर ओढून बघा. माझ्या गाडीत एक वायर ओढल्यासरशी हातात आली.

पॉलिश पेपरनं पिना घासू नका, वरचा मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या.

आणि उंदीर! पावसाळ्यात बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. मी तंबाखूच्या पानांची पुडी टांगतो. उंदीर येतातच, फक्त आता व्यसनी झालेत.

मिशिगनकर | ३१ जुलै, पहाटे ५:३०

डेट्रॉइटजवळ गाड्यांच्याच धंद्यात आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू. वायरमनकाकांशी सहमत, पण मॉड्यूलच सदोष निघाल्याचीही उदाहरणं आहेत आणि ती जगजाहीर आहेत. फोर्डनं २०१४ मध्ये अमेरिकेत २०१२ ते १४ च्या फोकस आणि २०११ ते १४ च्या फिएस्टाच्या ड्युअल क्लच (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक) गाड्यांसाठी टीसीएमची हमी १० वर्षं किंवा १,५०,००० मैल अशी वाढवली. फोक्सवॅगननं २०१३ च्या नोव्हेंबरात सात गिअरच्या डीएसजीच्या (त्यांचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून बोलावल्या आणि गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरलं. गरम, दमट हवेत आणि सतत थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत त्या तेलामुळे विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता. गरम, दमट, थांबत-चालत. पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मर्सिडीजच्या पाच गिअरवाल्या ७२२.६ चा. गिअरबॉक्सला जिथं कपलर बसतो तिथलं रबरी सील गळतं, आणि तेल वायरीच्या आतल्या तांब्याच्या तारांमधून, दिव्याच्या वातीसारखं, वर चढत चढत थेट कंप्यूटरपर्यंत पोचतं. लोक कंप्यूटर बदलतात, सील तसंच ठेवतात. मग नवा कंप्यूटरही तेलात.

तुमचा कपलर काढलात की आत तेल आहे का, बोट फिरवून बघा.

आंबेमोहर | ३१ जुलै, सकाळी १०:१५

थोडं अवांतर. माझ्याकडे एएमटी आहे, नाशिकला असते. कधी कधी सिग्नलला न्यूट्रलमध्येच अडकते. हाच प्रकार का?

वायरमन_सांगली | ३१ जुलै, रात्री ८:३०

ताई, एएमटीची जात वेगळी. आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी तेलाच्या दाबावरची नाहीतर मोटरवरची यंत्रणा. तुमच्या गाडीत तेलावरची असेल तर आधी तिच्या डबीतली तेलाची पातळी आणि ब्रेक स्विच बघून घ्या. पायानं ब्रेक दाबलाय हे त्या कंप्यूटरला कळलं नाही तर तो गिअर टाकतच नाही. पन्नास-शंभराचा स्विच असतो. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का, एवढं घरच्या घरी होईल.

वळणदार | ३ ऑगस्ट, रात्री ९:००

अपडेट! बॅटरी उत्तम, १२.५. ओबीडीवर ६१ ओहम. बल्ब लख्ख पेटला.

पण अर्थ! स्टार्टर मारताना ०.९ व्होल्ट.

माझ्या गाडीत टीसीएम ही एक चपटी डबी आहे, तळहाताएवढी, बॅटरीच्या ट्रेखाली डाव्या बाजूला. ट्रे काढला तर त्याखाली पाचोळा आणि ओला चिखल, आणि त्या चिखलात अर्थचा नट. दहाचा पाना लावला तर नट गोल गोल फिरतोय, सुटत नाही, इतका गंजलेला. शेवटी बोल्ट कापला, चेसिसवरचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवी लग (धातूची कडी) मारली, वर ग्रीस. आता ०.०६.

कपलर कोरडा, तेल नाही, उंदीर नाही. कोड पुसले, कात्रजपर्यंत फिरवून आलो. लोण्यासारखी गाडी. एकूण खर्च १४० रुपये, त्यातले ६० वडापावचे. काका, साष्टांग नमस्कार.

फुकटसल्ला | ३ ऑगस्ट, रात्री ९:१२

८७,६८० वजा १४०. पार्टी कुठे?

वायरमन_सांगली | ३ ऑगस्ट, रात्री १०:००

छान झालं. पण पंधरा-वीस दिवस जाऊ द्या. तुमचा दोष गरम झाल्यावर आला होता, स्टार्टर मारताना नाही. अर्थ खराब होता हे खरंच, पण तेवढंच होतं का, ते दुपारच्या ट्रॅफिकमध्ये कळेल.

वळणदार | २४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

काका, तुमच्या तोंडात साखर नको पडू दे. आज सिंहगड रोडला, गणपतीच्या खरेदीच्या गर्दीत, एसी चालू, पाऊण तास रखडल्यावर तोच गचका, तोच लुकलुकाट. बंद करून वीस मिनिटं थांबलो, परत नीट. अर्थ मोजला, ०.०६ च आहे.

वायरमन_सांगली | २४ ऑगस्ट, रात्री ८:२०

आता मी म्हणतो, टीसीएमवर संशय घ्या. पण सिद्ध करून. गाडी थंड असताना, घरीच, इंजिन चालू, ब्रेक आणि हँडब्रेक लावून, स्कॅनर टीसीएमवर चालू ठेवायचा. आणि हेअर ड्रायरनं फक्त त्या डबीवर ऊन हवा सोडायची. वायरिंगवर नाही, डबीवर. हाताला चटका बसेल इतपतच, जाळू नका. संपर्क तुटला की प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डबीवर ठेवा. संपर्क परत आला तर दोष डबीच्या आत. गरम होऊन सोल्डरची फट उघडते, गार झाली की मिटते.

वळणदार | ३० ऑगस्ट, रात्री ११:३०

झालं. उद्या गौरी यायच्या आणि मी पार्किंगमध्ये बायकोचा हेअर ड्रायर घेऊन, पहिल्या मजल्यावरून सोडलेल्या एक्स्टेंशनवर. तिनं खिडकीतून एकदाच बघितलं, काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला स्कॅनरसकट बोलावलं होतं. तो साडेसात मिनिटं "काही नाही, काही नाही" म्हणत होता आणि मग स्क्रीनवरचे सगळे आकडे रेघा झाले. बर्फ ठेवला. चार मिनिटांत आकडे परत. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आजूबाजूच्या वायरी हलवल्या, कपलर दाबला, काही फरक नाही. म्हणजे पहिल्या दिवशीचा निकाल बरोबरच होता म्हणायचा?

वायरमन_सांगली | ३१ ऑगस्ट, सकाळी ७:००

निकाल बरोबर, पंचनामा नाही. त्या गंजक्या अर्थवर नवा टीसीएम बसवला असता तर तो किती दिवस टिकला असता कोण जाणे. प्रोग्रामिंगच्या मधेच व्होल्टेज डळमळलं असतं तर पहिल्या दिवशीच गेला असता.

कट्ट्यावरचा | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:३०

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना आणा की. आठ-दहा हजारात मिळेल.

वायरमन_सांगली | ३१ ऑगस्ट, दुपारी २:१५

मिळेल, पण लावला आणि चालली असं होत नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो. एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेलची डबी बाहेरून सारखी दिसते, आतलं सॉफ्टवेअर वेगळं. शिवाय बऱ्याच गाड्यांत मॉड्यूलमध्ये आधीच्या गाडीचा चेसिस नंबर बसलेला असतो आणि कंपनीचा स्कॅनर तो पुसू देत नाही. मग जुन्याच्या मेमरीतला डेटा काढून दुसऱ्यात भरावा लागतो. करणारे आहेत, पण हात बसलेला पाहिजे. आणि ती डबी भंगारात कुठून आली? पुरातल्या गाडीतून आली असेल तर?

तिसरा रस्ता दुरुस्तीचा. आधी विचारा, आतला बोर्ड नेहमीचा हिरवा आहे की सिरॅमिकवरचा.

वळणदार | ६ सप्टेंबर, रात्री १०:१०

मॉड्यूल दुरुस्त करणाऱ्या एकाला दाखवला. त्यानं कडेचा सीलंट कापून झाकण उघडलं. आत पारदर्शक जेली आणि खाली पांढरी सिरॅमिकची चकती, त्यावर केसाहून बारीक अॅल्युमिनियमच्या तारा. भिंगातून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, हिरवा बोर्ड असता तर दोन हजारात सोल्डर मारून दिला असता. या तारांना हात लावला तर आहे तेही जाईल." पैसे घेतले नाहीत. झाकण परत चिकटवून दिलं. अशी माणसं कमी.

तेव्हा नवा. विम्याला विचारलं. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असली तरी यांत्रिक किंवा विद्युत बिघाड त्यात बसत नाही, अपघात हवा. सोमवारी ऑर्डर देतो.

आंबेमोहर | ६ सप्टेंबर, रात्री १०:४०

सोमवारी नको! परवाच जीएसटी कौन्सिलचा निर्णय झालाय, २२ तारखेपासून गाड्यांचे सगळे पार्ट १८ टक्क्यांत. घटस्थापनेनंतर बिल करा. गाडी आजवर चालली तशी अजून दोन आठवडे चालेल.

(माझा ब्रेक स्विचच निघाला. ९० रुपये. धन्यवाद काका.)

वळणदार | २८ सप्टेंबर, रात्री ८:५०

काल बसवला. ६८,५०० वर १८ टक्के, ८०,८३०. ताई, तुमच्यामुळे ६,८५० वाचले.

बसवणं म्हणजे दोन नट आणि एक कपलर, दहा मिनिटं. खरा वेळ पुढेच. बॅटरीला चार्जर लावून ठेवला, एसी, दिवे, टेप सगळं बंद. स्कॅनरवरून चेसिस नंबर लिहिला, मग सॉफ्टवेअर भरायला ३५ मिनिटं. एक पोरगा फक्त "दरवाजा उघडू नका" म्हणायला उभा केला होता. मग गिअरबॉक्सचं तेल गरम करून लर्निंग: ब्रेक दाबून एन-डी, एन-आर असं ठरावीक वेळा, आणि नंतर हलक्या पायानं रस्त्यावर सगळे गिअर चढू-उतरू द्यायचे. मजुरी आणि प्रोग्रामिंग मिळून करासकट ९,४४०.

पहिल्या दिवशी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना धक्का देत होती. पोटात गोळा. मिस्त्री म्हणाला, दोनशे किमी चालवा, मग बोला.

मिशिगनकर | २९ सप्टेंबर, पहाटे ४:५०

बरोबर सांगितलं. जुन्या मॉड्यूलनं ८४ हजार किमीत तुमच्या गिअरबॉक्सच्या क्लचांची झीज शिकून घेतली होती. नवा कोरा आहे, तो गिअरबॉक्सही कोराच समजतो. पहिले काही दिवस पाय हलका ठेवा, त्याला शिकू द्या.

वळणदार | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आज खंबाटकी. मुद्दाम दुपारी, एसी चालू, तेच पाच जण, तेच लाडू. धक्का शंभरेक किमीतच गेला होता. त्याच वळणावर आईनं हात जोडले, मी पाय दाबला, तिसऱ्यावरून दुसरा पडला आणि गाडी वर.

बॅटरीच्या ट्रेला खालून पाणी जायचं भोक होतं, पाचोळ्यानं बुजलेलं. ते मोकळं केलंय. दर पावसाळ्याआधी बघणार.

वायरमन_सांगली | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

झकास. जुनी डबी टाकून देऊ नका. माझ्याकडे दोन पोरं शिकायला आहेत, त्यांना सिरॅमिकचा बोर्ड दाखवायचाय. पत्ता व्यक्तिगत निरोपानं पाठवतो, कुरिअरचे पैसे माझे.

वळणदार | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

पैशांचं नाव काढू नका काका, उद्याच पाठवतो.

@फुकटसल्ला, हिशेबात अजून २,३०० धरा. हेअर ड्रायरला बॉनेटचा वास येतो म्हणे, नवा घ्यावा लागला.